न उमटलेला अंगठा

एकदा एका गावात एक म्हातारी, आपण आपणच आहोत, हे सिद्ध करू शकली नाही. तिचे नाव तानूबाई. आयुष्यभर तिने गवंड्यांच्या हाताखाली चुना आणि सिमेंट कालवले होते, आणि त्या कामाने तिच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. नियम असा होता, की रेशन दुकानातल्या यंत्राला अंगठा पटला तरच धान्य मिळेल. तानूबाईचा अंगठा यंत्राला काही केल्या पटेना.

"मावशी, पदराला पुसून परत ठेवा," दुकानदार म्हणाला.

तिने पुसून ठेवला. यंत्राने पुन्हा नकार दिला.

"अंगठा माहेरी ठेवून आलात काय?" रांगेतून कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले.

तानूबाईही थोडी हसली. "ह्योच हाय, बाबा. दुसरा कुठनं आणू?"

रांगेत एक तरुण उभा होता. कायद्याची पदवी घेऊन नुकताच गावी परतलेला. पोरका झाला तेव्हा गावातल्या वृद्ध गुरुजींनी त्याला वाढवले होते, आपल्याच शिधापत्रिकेवर त्याचे नाव घातले होते, आणि तोही त्यांना गुरूच्या ठिकाणी मानत असे. अन्याय दिसला की त्याला गप्प राहवत नसे. तो तरातरा पुढे आला.

"जिवंत माणूस समोर उभा आहे आणि तुम्ही यंत्राला विचारता? हे नियम करणाऱ्यांनी कधी डोक्यावर घमेलं घेतलंय का? मी वरपर्यंत जाईन. निवेदन देईन, मोर्चा काढीन!"

"काढा की, वकीलसाहेब. माझ्या हातातही एक झेंडा द्या," दुकानदार थंडपणे म्हणाला. "मावशी, बाजूला व्हा. पुढचा कोण?"

तरुण बोलतच राहिला. मंत्र्यांवर बोलला, कचेऱ्यांवर बोलला, पुढाऱ्यांवर बोलला. लोकांनी माना डोलावल्या. तानूबाई मात्र त्याच्या बाहीला हात लावून हळूच म्हणाली, "लेकरा, दाणं न्हाई मिळालं तर मला लेकीच्या सासरी जाऊन राहावं लागंल. मालक गेल्यावर बी म्या कुणाच्या दारात गेले न्हाई. तेवढं व्हऊ देऊ नको."

"काळजी करू नका, आजी. मी आहे ना," तो म्हणाला. त्या क्षणी ते त्याला अगदी खरे वाटत होते.

त्याने खरोखरच निवेदन लिहिले. तालुक्याला खेपा घातल्या. कोणी साहेब दौऱ्यावर होते, कोणाची बदली झाली होती, कोणी 'बघू' म्हणाले. मधल्या दिवसांत गुरुजींच्या जुन्या शाळेला रंग द्यायचा निघाला, तेव्हा तोच हौसेने भिंतींना चुना देऊ लागला. हातमोजे वगैरे त्याच्या डोक्यातही आले नाहीत. चुन्याने बोटांची साले निघाली.

पुढच्या वाटपाला तो दुकानात गेला आणि यंत्राने त्यालाही ओळखले नाही. त्याने पुनःपुन्हा अंगठा दाबला. त्याचे कान तापले. तो बोलायला तोंड उघडणार, इतक्यात दुकानदार हसून म्हणाला, "असू द्या हो, वकीलसाहेब. अंगठा उमटत नसला तर ओळख पटवून धान्य द्यायची सोय आहे नियमात. तुम्हाला कोण ओळखत नाही?"

त्याला बरे वाटले. भरलेली पिशवी घेऊन तो घरी आला आणि गुरुजींना उत्साहाने सगळे सांगितले. "म्हणजे नियमात माणुसकीला जागा आहे, गुरुजी!"

गुरुजींनी भाताचे आधण ठेवले होते. त्यांनी पातेले खाली उतरवले. चूल विझवली. पिशवीचे तोंड पुन्हा बांधले आणि भिंतीला टेकून बसले.

"भूक नाही का?" शिष्याने गोंधळून विचारले.

"आहे."

"मग? चोरीचं थोडंच आहे? नियमानंच मिळालंय."

"नियमानं मिळालं, म्हणूनच घशाखाली उतरणार नाही," गुरुजी म्हणाले. "ही सोय काही आज झालेली नाही. तानूबाई उभी होती तेव्हाही ती होती. दुकानदारानं तिला सांगितली नाही, कारण न सांगितल्यानं त्याचं काही बिघडणार नव्हतं. आणि तू विचारली नाहीस, कारण तुला सरकारशी बोलायचं होतं. समोरच्या दुकानदाराशी बोलायला तुला सवड नव्हती. मीही तुझं भाषण ऐकून शाबासकी दिली, पुढचं काही विचारलं नाही. तुझा राग खरा होता, बाळ. पण त्या दिवशी राग तिच्या वाट्याला आला, आणि आज धान्य तुझ्या."

शिष्य उठला. त्याने पिशवी उचलली आणि तानूबाईचे घर गाठले. दाराला कुलूप होते.

"गेली की लेकीकडं," शेजारीण म्हणाली. "लई दिस वाट बघितली तिनं. मोर्चा कवा निघणार, म्हणून रोज इचारायची."

तो तसाच उन्हात लेकीच्या गावी चालत गेला. तानूबाई ओट्याच्या अगदी कडेला, अंग चोरून बसली होती. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलास व्हय? बस, बस. किती लांबनं आलास, घशाला कोरड पडली आसंल. पाणी आणते."

ती लगबगीने उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली. मग चौकटीबाहेर उभी राहून तिने आवाज खाली घेऊन विचारले, "विहीणबाई, माझ्या पाहुण्याला तांब्याभर पाणी दिलं तर चालंल का?"

आतून भांड्यांचा आवाज आला. उत्तर आले नाही. ती तशीच उभी राहिली.

एरवी मंत्र्यासंत्र्यांना जाब विचारणारा तो तरुण मान खाली घालून बसून राहिला. दारी आलेल्याला कोणाला न विचारता पाणी देता येणे, एवढीच त्या बाईची मालमत्ता होती. ती कशी गेली, हे त्याला आता कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.