चौथं प्रमाण

“...मग चारांतलं कोणतं प्रमाण चुकलं, स्वामी?”

मठाच्या ओसरीवर श्रीकंठशास्त्री उभा होता. दूरवरून चालत आला होता, पायांवरची धूळही अजून धुतली नव्हती. काशीहून न्यायशास्त्र शिकून आल्यापासून त्याची हरायची सवय गेली होती. आज हरला, तरी आधी आठवलं ते प्रमाणच.

मठाचे पूर्णाश्रम स्वामी आसनावर बसून ऐकत होते.

गोष्ट नैवेद्याच्या दुधाची. ते उष्टं होऊ नये म्हणून मठाचा गोठा सांभाळणाऱ्या गोदूबाई तोंडाला फडकं बांधून धार काढायच्या. तरी चरवीत दूध कमी भरू लागलं. बाईच पिते, असं कुणी तरी म्हणालं आणि मठभर झालं. देवाच्या आधी दूध पिणं म्हणजे मोठा अपराध. स्वामींनी निवाडा श्रीकंठावर सोपवला.

श्रीकंठानं तो भर सभेत, न्यायशास्त्राची चार प्रमाणं एकेक लावून, मोठ्या ऐटीत केला. चरवी अपुरी भरते, हे प्रत्यक्ष. गोठ्यात दुसरं कुणी जात नाही, तेव्हा प्यायली ती हीच, हे अनुमान. उपमानही, म्हणजे साम्याचा दाखला, त्यानं कुठून तरी ओढून आणलं. राहिला शब्द. पण शब्द प्रमाण धरायचा तो आप्ताचा, म्हणजे विश्वासाच्या माणसाचा. आरोपी आप्त कसा?

गोदूबाई काही सांगायला पुढे झाल्या, तेव्हा त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाला, हातच्या काकणाला आरसा कशाला?

बाई गाठोडं उचलून भावाच्या गावी निघून गेल्या.

धार नव्या गड्याकडे आली. दूध कमीच. मग एका पहाटे वासरू दाव्यातून मान सोडवून गाईला लुचताना सापडलं. श्रीकंठ तसाच बाईंना आणायला निघाला, आणि एकटाच परत आला.

“भेटल्या?” स्वामींनी विचारलं.

“भेटल्या. भाकऱ्या थापत होत्या. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी झालं ते सगळं सांगितलं, पाय धरले. म्हटलं, क्षमा केली एवढं एकदा म्हणा.”

“मग?”

“म्हणाल्या, ‘माझा शब्द चालतो का, शास्त्रीबुवा?’ ... आणि तव्यावरची भाकरी उलटली.”

श्रीकंठ स्वामींच्या जवळ सरकला. 

“मी वासराचा पुरावा सभेपुढे मांडतो, स्वामी. बाई निर्दोष ठरतील.”

“आणि वासरू सापडलं नसतं तर?”

  श्रीकंठ मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

“मला प्रायश्चित्त सांगा,” तो म्हणाला.

स्वामी आसनावरून उठले. आसन बाजूला सारून त्याच्या शेजारी उघड्या जमिनीवर बसले.

“मठात आल्यापासून त्या बाईच्या हातचं दूध प्यायलो मी. त्या दिवशी सभेत मीही होतो...”

“निवाडा माझा होता, स्वामी. बाईंना विचारलं नाही ते मी.”

“तुला विचारावं लागणार होतं, बाळ... मी तिला ओळखत होतो; मला तर विचारावंही लागणार नव्हतं.”