उदीचीच्या उतारावरचा राजा

एका राज्यात, वैशाख वद्य तृतीयेच्या सकाळी, आभाळ राखेच्या रंगाचे होते, वारा उत्तरेचा होता आणि नदीवरचा बर्फ पायाखाली कोरडा वाजत होता. त्या सकाळी राजा मणिधराने एक भाला फेकला. तो त्याने फेकायला नको होता.

ते राज्य पृथ्वीच्या उत्तर टोकाला होते. तिथे माती हातभर खणली की बर्फ लागे आणि तो वितळलेला कधी कुणी पाहिला नव्हता. झाड म्हणून जे काही उगवे ते वाळुंजाचे, आणि तेही गुडघ्याच्या वर जात नसे. राज्याच्या मधून उदीची नदी वाहे. दक्षिणेकडे देवदारांच्या डोंगरांत तिचा उगम. तिथून उत्तरेला येता येता ती गोट्यांच्या पात्रात वेणीच्या पेडांसारखी सुटी होई, पुन्हा एक होई आणि शेवटी तळ्यांच्या व बेटांच्या दलदलीतून गोठलेल्या समुद्राला मिळे. तिची एक खोड सर्वांना ठाऊक होती. उन्हाळा दक्षिणेकडून येई, म्हणून नदी उगमाकडे आधी सुटे आणि मुखाशी बांधलेलीच राही. वरचे पाणी धावत येई, खालचा बर्फ वाट देत नसे. मग घराएवढे हिमखंड एकमेकांवर चढत, आणि मध्ये जो सापडे त्याचा चुरा होई.

दरवर्षी पाणी सुटण्याआधी हिमहरणांचा कळप उतारावरून, म्हणजे पात्र उथळ होते त्या जागेवरून, नदी ओलांडे. पलीकडच्या माळावर माद्या वीत. लोक अलीकडच्या काठावर माणसाच्या उंचीचे दगड रचून दोन रांगा करीत. हरणांना ती माणसे वाटत, त्यांच्यापासून बिचकत कळप मधूनच चाले आणि बरोबर उताराशी येई. सर्वांत पुढे एक हरिणी असे. तिला अग्रणी म्हणत. तिचा खूर पलीकडच्या काठाला लागेपर्यंत कुणी शस्त्र उचलत नसे, कुणी खोकतही नसे. ती गेली की कळपाला वाट कळे. मग शेवटच्या हरणांतून पोटापुरते घ्यावे, असा नेम होता.

राजा मणिधर दक्षिणेचा. गादी राणी तुषारेची, आणि तिच्याशी लग्न करून तो या राज्यात आला होता. त्याच्या देशात शिंगे फक्त नराला असत आणि मादीवर शस्त्र उचलणे पाप समजत. अग्रणीचा नेम त्याला सांगितलेला होता. पण पुढे आलेल्या हरणाच्या डोक्यावर फांद्यांसारखी शिंगे होती. कुणी उद्धट नर अग्रणीच्या पुढे घुसला, असे समजून त्याने भाला फेकला. उत्तरेत हिमहरणांच्या माद्यांनाही शिंगे असतात, आणि वसंतात तर ती त्यांच्याच डोक्यावर उरतात, नरांची गळून गेलेली असतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. म्हणूनच ते राजाला सांगावे असे कुणाला सुचले नाही.

अग्रणी कोसळली नाही. भाल्याचे पाते खांद्यात मोडले, निखळले आणि बर्फाच्या फटीतून पाण्यात गेले. हरिणी धुके होऊन उत्तरेकडे उडाली. कळप मागे फिरला आणि माळावर थिजून उभा राहिला. राजा भाला फेकायला धावत उताराच्या मध्यापर्यंत गेला होता. तिथेच त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि कमरेभोवती पुन्हा मिटला. मग नदीच्या मुखाकडून तिथे राहणाऱ्या मांत्रिकीण शुभ्रजटेचा आवाज आला. अग्रणी पलीकडे खूर लावत नाही, तोवर हाही पाण्यातून पाऊल काढणार नाही, एवढेच ती बोलली.

प्रधानाने कुऱ्हाडी मागवल्या. जेवढा बर्फ तोडला त्याच्या दुप्पट चढला, तेव्हा राणीने कुऱ्हाडी बंद करवल्या. ती राजापाशी जाऊन बसली.

"शिंगे होती," राजा म्हणाला.

"तुम्ही विचारले नाही, मी सांगितले नाही. निम्मी चूक माझी," राणी म्हणाली. "वरचे पाणी येण्याआधी मी परत येते."

"आणि पाणी आधी आले तर?"

"येणार नाही," राणी म्हणाली, आणि कुत्र्यांची घसरगाडी जोडायला उठली.

गाडीच्या दांडीवर एक सुरय पक्षी येऊन बसला. डोक्यावर काळी टोपी, चोच रक्तासारखी लाल, शेपटी कात्रीसारखी. हा पक्षी पृथ्वीच्या एका टोकाचा उन्हाळा संपला की दुसऱ्या टोकाच्या उन्हाळ्याला जाई, त्यामुळे अंधार त्याला फारसा ठाऊकच नव्हता. आपण वरून नदी पाहत राहू आणि पाणी कुठवर सुटले ते सांगत राहू, असे तो म्हणाला. त्याच्या मोबदल्यात काय हवे, असे राणीने विचारले.

"काही नको, राणीबाई. तुमची कुत्री माझी अंडी खातात. त्यांना गुंतवून ठेवलेत तरी पुष्कळ झाले."

अशी राणी निघाली. नदीच्या पाठीवरून उत्तरेला जाताना तिला काठावर पांढरी घुबडे दिसली, दगडफूल उकरणारे पांढरे ससे दिसले, आणि त्यांच्या मागावर पांढरा कोल्हा दिसला. मुखाशी एका बेटावर शुभ्रजटा बसली होती. तिच्या मांडीवर अग्रणीचे डोके होते, आणि खांद्याची जखम उघडी होती.

"नवरा सोडवायला आलीस?" शुभ्रजटेने विचारले.

"आधी हरिणी उभी करायला आले, माते."

शुभ्रजटा हसली नाही, पण तिने तीन कामे सांगितली. केसाळ बैलांची लोकर आणायची, पण एकही केस उपटायचा नाही. भाल्याचे पाते आणायचे, कारण ज्याने जखम केली त्यानेच ती मिटेल. आणि शेवटी अग्रणीला उतारापार न्यायचे. हाक मारून नाही, हात लावून नाही, मागून हाकून नाही.

केसाळ बैल पुळणीवर उभे होते. राणी दिसताच त्यांनी वासरे मध्ये घेतली आणि शिंगे बाहेर रोखून गोल धरला. राणी जवळ गेली नाही. वाऱ्याकडे पाठ करून बसून राहिली. बैलांना तिचा कंटाळा आला. गोल सुटला, आणि ते वाळुंजाच्या झुडपांत अंग घासत पलीकडे गेले. झुडपांवर लोकरीचे झुबके लटकत राहिले. ते राणीने वेचले.

"पाणी देवदारांतून बाहेर पडले," सुरयाने येऊन सांगितले.

पाते एका खोल डोहात आहे, असे शुभ्रजटेने सांगितले होते. नदीने ते बर्फाखालून तिथवर वाहून नेले होते, आणि लाल पोटाचा एक म्हातारा मासा त्याची राखण करीत होता. राणीने डोहावरचा बर्फ फोडला. माशाने तोंड वर काढले आणि आपली अट सांगितली. बर्फाखालची हवा संपत आली होती, त्याची पिल्ले गुदमरत होती. त्यांचा जीव सावरेपर्यंत हे भोक बुजू द्यायचे नाही, मग पाते मिळेल.

राणीने कुऱ्हाड धरली. दुधावर साय धरावी तसा पाण्यावर बर्फ धरे, ती तो फोडी, तो पुन्हा धरे. तिथे सूर्य मावळत नसे, क्षितिजावरून नुसता फेरी घाली, म्हणून थांबायची वेळ अशी आलीच नाही. तिच्या तळव्यांची साले निघाली, दांडा चिकट झाला. सुरय धापा टाकत आला. पाणी गेरूच्या कड्यापाशी पोचले होते. तिथून उतार दूर नव्हता.

"मासे नंतर जगवा," तो म्हणाला. "पाते हिसकून घ्या आणि पळा."

"नेम मोडल्यामुळेच आम्ही इथवर आलो," राणी म्हणाली, आणि कुऱ्हाड पुन्हा उचलली.

डोहात काळी पाठ हलली, मग दुसरी, मग सगळा डोह हलला. म्हाताऱ्या माशाने पाते तिच्या पायाशी ठेवले.

शुभ्रजटेने जखमेत लोकर भरली, वर पाते ठेवले. जखम मिटली आणि पात्याचे पाणी झाले. अग्रणी उठली, अंग झाडले आणि कुणाकडे न पाहता दक्षिणेकडे धावली. राणीने तिच्या मागे गाडी घातली नाही. ते हाकणे झाले असते. ती नदीच्या दुसऱ्या फाट्याने वळसा घेऊन, कुत्र्यांचा जीव जाईल इतक्या वेगाने, उतारावर आली.

अग्रणी कळपाच्या पुढे उभी होती. तिने उताराकडे तोंड केले, चार पावले टाकली आणि थांबली. मध्ये एक माणूस उभा होता. ज्याने भाला मारला तोच. दक्षिणेकडून ढगांच्या गडगडाटासारखा आवाज येऊ लागला होता, पण आभाळात ढग नव्हते. प्रधान म्हणाला, मागून ढोल वाजवू. राणी नाही म्हणाली. तिने लोकांना दगड आणायला लावले. काठावरची एक रांग जिथे संपत होती तिथून पुढे, बर्फावर, तिने तशीच दगडांची माणसे रचवली, एकामागून एक, थेट राजापर्यंत.

"हा धाक नव्हे काय?" सुरयाने विचारले.

"हा तिचा रोजचा रस्ता आहे. मी फक्त लांब केला."

मग तिने राजाच्या खांद्यांवर चपटे दगड ठेवले आणि त्याच्या चेहऱ्यावर बर्फ लिंपला.

"आता तुम्ही या रांगेतले एक," ती म्हणाली. "हलायचे नाही. पापणीसुद्धा नाही. काहीही झाले तरी."

"आणि पाय सुटले तर?"

"तरीही नाही. तुम्ही धावलात तर कळप उधळेल आणि पुरात जाईल."

राजा बरे म्हणाला. तो एकच शब्द बोलला. लोक काठावर पालथे पडले, राणीही पडली.

अग्रणी निघाली. दगडांच्या रांगेने चालत ती राजापाशी आली आणि तिने नाक त्याच्या चेहऱ्याला लावले. तिच्या श्वासाने गालावरचा बर्फ वितळला, पाणी डोळ्यात गेले. राजाने पापणी हलवली नाही. हरिणी पुढे गेली. पलीकडच्या वाळूला तिचा खूर लागला, आणि राजाच्या कमरेचा बर्फ उकलला.

तो हलला नाही. कळप त्याच्या बाजूने जाऊ लागला, शिंगे त्याच्या बाहीला घासू लागली. बर्फाला चिरा पडल्या, पाणी त्याच्या छातीपर्यंत चढले. वळणावर हिमखंडांची पहिली भिंत दिसली. गाभण माद्या गेल्या, नर गेले, लंगडत एक म्हातारी हरिणी राहिली होती. ती काठावर चढेपर्यंत राजा दगडांतला दगड होता. मग राणीने हात वर केला आणि तो धावला.

राजा अलीकडच्या काठावर चढला. त्याच्या मागे बर्फावरची सगळी रांग वाहून गेली. कळपातले एकही हरीण बुडाले नाही. राजाच्या डाव्या पायाची दोन बोटे थंडीने गेली. त्या वर्षी हरणे घेता आली नाहीत, लोकांनी उन्हाळा माशांवर काढला. नदी ज्येष्ठाच्या अमावास्येला समुद्रापर्यंत मोकळी झाली.