पाटकऱ्याचे मनगट

एकदा एका मठात एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, वाचेने शुद्ध, आणि दुर्दैव असे की वादात बहुधा त्याचीच बाजू खरी निघे. ज्याची बाजू खरी असते त्याला स्वतःच्या वागण्याकडे पाहायला सवड मिळत नाही. आपण सगळेच कधी ना कधी या वाटेने गेलो आहोत, म्हणून त्याला हसू नये.

मठाची पेरूची बाग त्याच्या देखरेखीखाली होती. गावाला पाटाचे पाणी पाळीपाळीने मिळे. कोणाच्या रानात किती वेळ पाणी सोडायचे हे सरकारने नेमलेला पाटकरी पाही. पाळी संपली की तो त्या रानाकडे पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडात लाकडी फळी टाकी, आणि पाणी पुढच्या रानाकडे जाई. जुना रिवाज असा, की पाणी रानात शिरले म्हणजे पाळी सुरू झाली. नव्या पाटकऱ्याने मात्र पाटाच्या मुखाशी पाणी सोडल्यापासूनच वेळ धरला, आणि बाग जेमतेम अर्धी भिजली असताना तो फळी घेऊन हजर झाला.

शिष्य तापला. आधी त्याने रिवाज सांगितला, मग आवाज चढवला, मग पाटकऱ्याला चोर म्हटले, गाढव म्हटले. पाटकरी मुकाट्याने फळी टाकायला वाकला, तेव्हा शिष्याने त्याचे मनगट पिरगळले, फळी हिसकावून घेतली आणि तिच्यावर मांडी ठोकून बसला. दिवस मावळताना वरून पाट बंद झाला, तेव्हा कुठे तो उठला. बाग तुडुंब भिजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चावडीवरून निरोप आला. पाटकऱ्याने तक्रार दिली होती आणि फौजदार स्वतः चौकशीला आला होता. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता. शिष्य धावतच वृद्ध गुरूंकडे गेला.

मठाच्या हौदातले पाणी वांग्याच्या वाफ्यांत सोडून गुरू दारे धरत होते. एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचे तोंड बंद करायचे, पुढच्याचे उघडायचे.

"गुरुजी, काल आपण बांधावर होतात," शिष्य म्हणाला. "दोघांत बाचाबाची झाली, एवढेच चावडीवर सांगा. ते काही खोटे नाही. आणि मी भांडलो ते मठासाठीच ना?"

"सांगेन की," गुरू म्हणाले. "पण म्हातारपणी सगळे नीट आठवत नाही बघ. एकदा पुन्हा होऊ दे. मी पाटकरी. काय म्हणालास तू त्याला?"

शिष्य पायाने वरंब्याची माती दाबू लागला.

"लाजतोस कशाला? काल तर साऱ्या शिवाराला ऐकू गेले."

"चोर म्हणालो," शिष्य खाली मान घालून म्हणाला.

"असे सांगू नकोस. मला म्हण."

शिष्याने मोठ्या कष्टाने तो शब्द उच्चारला. गुरूंनी भरल्या वाफ्याचे तोंड बुजवले, पुढचे उघडले. "आणखी?" शिष्य म्हणाला, "गाढव." गुरूंनी आणखी एक दार फिरवले. पाणी आपल्या वाटेने चालले होते.

"मग काय केलेस?"

"मग... हात धरला."

"धर."

"गुरुजी, नको."

"धर म्हणतो ना."

शिष्याने ते सुरकुतलेले मनगट धरले. आत नाडी उडत होती, आणि पिरगळणे काही त्याच्याने होईना. त्याने दुसऱ्या हाताने नुसते खोरे काढून घेतले. गुरू जसेच्या तसे उभे राहिले. वाफा भरला, काठोकाठ आला, वरंबा फुटला आणि पाणी पायवाटेवर वाहू लागले. शेवटचा वाफा कोरडाच राहिला. हौद रिकामा होईपर्यंत गुरू हलले नाहीत आणि शिष्यालाही हात सोडण्याचे सुचले नाही.

"पाटाच्या टोकाला कोणाचे रान आहे?" गुरूंनी विचारले.

"तान्हाबाईचे. कांद्याचे रोप आहे तिचे." मग त्याला आठवले, की काल बागेनंतर तिचीच पाळी होती. त्याचा चेहरा उतरला.

गुरू शांतपणे म्हणाले, "पाळीबाबत तुझेच खरे होते. तुला भांडायचा अधिकार होता, वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचाही होता. आवाज चढला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही, आणि चढल्या आवाजालाच गुन्हा म्हणणारा अधिकारीही अन्यायच करतो. तू चोर म्हणालास ती तुझी लाज, पण काम चालू होते. मनगट धरलेस तिथे काम थांबले. अंगाला हात लागला पाहिजे असेही नाही. 'उद्या पाटावर आलास तर तंगडी मोडीन' या धाकाने त्याने फळी खाली ठेवली असती, तरी ते तेच. माणूस आवडो न आवडो, नेमून दिलेले काम करताना त्याचा हात गावाचा असतो. तू तान्हाबाईचा हात पिरगळलास. आता चल, तू सांगा म्हणतोस ते सांगतो."

"नको," शिष्य म्हणाला. "मीच सांगतो."

चावडीवर पाटकरी मनगटाला हळदीचा लेप लावून बसला होता. फौजदाराने विचारले, "नुसती बाचाबाची झाली, की आणखी काही?"

"मी यांचा हात पिरगळला आणि फळी घेतली," शिष्य म्हणाला. "पाळीबद्दलचे माझे म्हणणे आजही तेच आहे. त्याचा अर्ज मी वेगळा देईन. या कागदावर ते घालू नका."

फौजदाराने त्याच्याकडे जरा पाहिले आणि जबाब लिहायला घेतला. पुढे जे व्हायचे ते कायद्याने होणार होते. शिष्याला आता त्याचे भय उरले नव्हते. भय गेले की तिथे शरम येऊन बसते, तशी ती बसली होती.

तो बाहेर पडला तेव्हा पायरीशी तान्हाबाई उभी होती. सुकलेल्या रोपांची एक जुडी तिच्या हातात होती. पाण्याची पाळी पुन्हा कधी येईल, हे पाटकऱ्याला विचारायला ती आली होती. मठातला माणूस पाहून तिने नेहमीप्रमाणे पदर सावरला, ती बाजूला झाली आणि तिने त्याला वाट करून दिली.

"या महाराज," ती म्हणाली.

शिष्याला ती पायरी उतरता येईना.