उपाशी गोधडी

तर काय झालं एकदा, गोधड्या बोलायच्या तेव्हाची ही गोष्ट. पाय आत घे रे आधी, वारं शिरतंय.

एका गावात गोजरा नावाची बाई होती. हाताची मोठी चलाख. लाल ठिगळाशेजारी हिरवं लाव, त्याशेजारी पिवळं लाव, तिथवर तिला भारी हौस. मग नुसता धावदोरा घालायची वेळ आली, की आला कंटाळा. लगेच नवी गोधडी काढायची.

आता त्या गावची रीत अशी, बरं का. गोधडी पुरी शिवत आणायची, शेवटच्या कोपऱ्यातून भाकरीचा तुकडा आत घालायचा आणि कोपरा मिटायचा. ह्याला म्हणायचे गोधडीला घास भरवणं. तोवर गोधडी आपली रडायची, "भूक लागली, भूक लागली." बाया त्या रडण्याला कंटाळून का होईना, शिवून टाकायच्या.

गोजरानं काय करावं? भाचीच्या बारशाची गोधडी अर्धवटच होती, तिलाच घास भरवला आणि वर दोन टाके मारले. गोधडी गप्प. मग टाकली पेटीत. भाची रांगायला लागली, पळायला लागली, गोधडी पेटीतच. मग सासऱ्यांसाठी एक काढली. तिलाही तसंच गप्प केलं. सासरे बिचारे फाटक्या घोंगडीवर निभावत राहिले.

मग आईनं आपली जुनी लुगडी पाठवली. निरोप आला, "गोजरे, थंडीच्या आत शिव गं. हाडं गारठतात आता."

गोजरा मोठ्या मायेनं बसली. निम्मी झाली, तशी गोधडी रडायला लागली. "थांब गं बाई, उद्या बघू," म्हणाली आणि दिला तुकडा.

उद्या उद्या करता थंडी आली, आणि आई गेली. आईच्या शेजारच्या ठकूमावशीनं स्वतःची गोधडी तिच्या अंगावर घातली होती आणि आपण कुडकुडत बसली होती. हे ऐकून गोजराच्या काळजात चर्र झालं.

घरी येऊन तिनं पेटी उघडली, आईची गोधडी काढली. "रड गं," म्हणाली. गोधडी कशाला रडतेय? पोट भरलेलं ना तिचं. मग गोजरानं टाके उसवले, वाळलेला तुकडा बाहेर काढला. तशी गोधडी जी रडायला लागली, ती थांबेना. गोजराही रडत होती. दोघी रडत रडत शेवटच्या कोपऱ्याशी आल्या. मग गोजरानं ताजा घास घातला आणि कोपरा मिटला.

गोधडीनं विचारलं, "आता कुणाला पांघरू?"

 गोजरानं ती नेऊन ठकूमावशीच्या अंगावर घातली. मावशी म्हणाली, "तुझ्या आईच्या लुगड्याचा वास येतोय गं हिला."

मग गोजरानं बाकीच्याही उसवल्या आणि पुऱ्या केल्या. सासरे उबेत निजले, भाचीचा धाकटा भाऊ उबेत निजला, सगळे सुखी झाले. आई तेवढी राहिली, ती राहिलीच.

चला, मिटा डोळे. तुमच्या गोधडीचे चारी कोपरे मी मिटलेत.