सारजाचं तीन भिंतींचं घर

हिंगणदऱ्याचा चढ संपतो तिथं, बाभळींच्या पलीकडं, एक धाब्याचं घर आहे. त्याला तीनच भिंती आहेत. खांब शाबूत, माळवद दरसाल नव्या मातीनं लिंपलेलं, चूल सारवलेली. फक्त रस्त्याकडची बाजू सताड उघडी. त्या बाजूला, रस्त्यावरून पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात, छातीइतका भिंतीचा तुकडा उरलाय आणि त्यात अर्धा कोनाडा. नवखी माणसं हमखास विचारतात, "मावशी, भिंत पडली का हो?"

झाडलोट करणाऱ्या कौसामावशी कंबर सरळ करतात. "पडली न्हाई, बाई. पाडली. बसा, सांगते."

असं सांगतात, की या घरात सारजा नावाची बाई एकटी राहायची. पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात तिचा नवरा गेला आणि दीड वर्षाची लेक गेली. तेव्हापासून तिनं जगाचाच धसका घेतला. वाऱ्यानं कडी वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. दाराला दिवसासुद्धा अडसर.

पुढं दुष्काळ पडला आणि खालच्या मुलखातली माणसं घरं सोडून वर आली. पाच कुटुंबं बाभळींखाली उतरली. पोरांच्या डोक्यावर एक फाटकं घोंगडं, बाकी आभाळ. सारजाच्या कणगीत ज्वारी होती, आणि पोरांचं कण्हणं तिला घरात बसून ऐकू यायचं. दार उघडायचा मात्र धीर होईना. रस्त्याकडच्या भिंतीतल्या कोनाड्याची मागची माती झिजून आरपार भोक पडलं होतं. तिथं ती भाकरी ठेवायची आणि लगबगीनं मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. बाहेरून हात यायचा, भाकरी जायची. एवढंच.

गावानं याचा भलताच अर्थ लावला. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून सारजा त्याचं तोंड बघत नाही, असं पारावर बोललं जाऊ लागलं. बघता बघता सगळेच भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवून दार लावून घेऊ लागले. पाण्याला जाता-येता गावातली गयाबाई तेवढी टोमणा मारायची, "सारजे, लई पुण्यवान गं तू! माणसंच हायेत ती, वाघ न्हाईत!"

सारजा भोकापासून मागं सरकायची. आपण कुणाची लाज राखत नाही, आपण नुसतं घाबरतो, हे तिचं तिलाच ठाऊक. आणि सांगायला जवळ होतं कोण?

चैत्रातल्या एका दुपारी आभाळ एकाएकी काळवंडलं आणि गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. सारजा कोनाड्यात भाकरी ठेवत होती. भोकातून हात आला, इवलासा, मनगटात एकच हिरवी बांगडी. त्यानं भाकरी घेतलीच नाही. सारजाची दोन बोटं घट्ट धरली.

सारजा किंचाळली म्हणे. हात सुटला नाही.

"काकू, लई लागतंय गं. आत घे."

दार चार पावलांवर होतं. पण तिथवर जायचं तर हात सोडावा लागणार, आणि सारजा स्वतःला ओळखून होती. हात सुटला की पाय दाराकडं जायचे नाहीत. मागच्या कोपऱ्याकडंच वळायचे. बाहेर पोर रडत होती. तिची बोटं गार पडत चालली होती. आणि साथीनंतरच्या सात वर्षांत सारजाला कुणी असं धरलं नव्हतं.

तिनं हात सोडला नाही. डाव्या हाताला मुसळ लागलं, तेच उचलून तिनं भिंतीवर घातलं. पोरीच्या अंगावर काही पडू नये म्हणून कोनाडा सोडून, आपल्या डाव्या अंगाला. माती जुनी, ढेकळंच्या ढेकळं ढासळली. धाबं लाकडी खांबांवर, म्हणून ते राहिलं. भिंत तेवढी गेली. आणि बाभळींखालची सगळी माणसं पोरं कवटाळून आत आली. सारजा तेव्हाही लटलट कापत होती. भीती कुठं गेली नव्हती. पण कापणारा तो हात पोरीच्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी गावानं पडलेली भिंत पाहिली आणि माना खाली घातल्या. मग कुणी घोंगडी आणली, कुणी ज्वारी, कुणी दुभती शेळी. मृगापर्यंत पाचही कुटुंबं तिथं राहिली आणि पेरणीला आपल्या मुलखात परतली. निघताना ती पोर आईच्या खांद्यावर झोपली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

गावकरी भिंत बांधायला माती घेऊन आले, तर सारजा आडवी आली.

"नको. बांधलीत, तर मी पुन्हा आतच बसंन."

त्यानंतर ती जगली तोवर तीन भिंतींतच जगली. थंडीत वारा थेट अंथरुणात यायचा. दुपारची ती अर्ध्या कोनाड्यात भाकरी धरलेला हात टेकवून बसायची. कधी कुणी यायचं. बरेच दिवस कुणीच यायचं नाही.

आजही ऊसतोडीला निघालेलं, दगड फोडायला निघालेलं बिऱ्हाड या घरात मुक्काम करतं, आणि गाव त्यांना जेवू घालतं. घरागणिक पाळी असते. भाकरी ठेवून निघून जायचं नाही, हा इथला रिवाज. घेणाऱ्यानं हातातून घेईपर्यंत थांबायचं.

"आन् कुणी आलंच न्हाई, तर?" पाहुणे विचारतात.

कौसामावशी पदराखालून भाकरी काढतात. आज त्यांची पाळी असते. अर्ध्या कोनाड्यात हात टेकवून त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत बसतात.

"भाकर गार होऊ द्यायची," त्या म्हणतात. "हात मागं घ्यायचा न्हाई."