शाल-नारळाचं कार्ड

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सभापती आप्पासाहेब ग्रामसभेत बोलायला उठले.

"गावचा दवाखाना आता बंद. तो पैसा म्हाताऱ्यांच्या विम्याला. कार्ड दाखवा, तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात फुकट उपचार घ्या."

सारिकाची सासू हौसाबाई रोज याच दवाखान्यात साखरेचं इंजेक्शन घ्यायची. तालुक्याला जायला एसटी एकच.

आप्पासाहेबांना शाल-नारळ द्यायचा मान हौसाबाईंना होता. कडेवरचं बाळ सावरत सारिका कुजबुजली, "आत्या, काही बोलू नका हं."

"नाही गं बाई."

आप्पासाहेबांनी शालीसाठी मान वाकवली. हौसाबाईंनी शालीच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा त्यांच्या हातात ठेवला.

"हे काय, आजी?"

"कार्ड. शाल-नारळ तालुक्याच्या दुकानात ठेवलाय. हे दाखवा, फुकट मिळेल."

"अहो, सत्कार इथं आणि नारळ तिथं?"

"आमचं दुखणं इथं आणि डॉक्टर तिथं, तसंच की लेकरा."

सभा हसली. आप्पासाहेबांनाही हसू आवरेना. दवाखाना चालू राहील, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, तेव्हा कुठे हौसाबाईंच्या पदराआडून शाल निघाली.

तुमच्या गावात असं कार्ड घेऊन कुणी आलं, तर सत्काराची ही रीत तिथल्या म्हाताऱ्यांच्या कानावर तेवढी घाला.