नाइस गेनू

एका गावात एक भोळा गेनू होता. भोळा हे आपलं त्याच्या आईसमोर म्हणायचं. त्याच्या आजोबांची फार इच्छा, की नात शेवंता गेनूलाच द्यावी. शेवंताचा बाप म्हणजे गेनूचा मामा. तो म्हणाला, "आधी याला चारचौघांत बोलायला येऊ दे." आणि स्वतःच गेनूला मास्तरांकडे घेऊन गेला.

मास्तर म्हणाले, "एकच इंग्रजी शब्द शीक. नाइस. पहिल्यांदा त्याचा अर्थ होता मूर्ख. मग झाला लाजरा, मग नाजूक, आता नुसता चांगला. चहा नाइस, हवा नाइस, पाहुणाही नाइस. काहीही दिसो, नाइस म्हणायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

बाहेर शेजारचे नाना शेणावरून घसरून आडवे झाले.

"नाइस!"

नानांनी उठून आधी मुस्काटात दिली, मग धोतर झटकलं.

आई म्हणाली, "अरे मुडद्या, कुणी पडलं तर धावत जाऊन उचलावं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई देवळाभोवती लोटांगण घालत होत्या. नवसाची शेवटची फेरी. गेनू धावला आणि बखोटीला धरून बाईंना उभंच केलं. या वेळी पाटलांनी दिली.

आई म्हणाली, "अरे, देवाच्या दारात मध्ये पडू नये. हात जोडून गप्प उभं राहावं!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी आईने नैवेद्य देऊन देवळात धाडलं. कुत्रं आलं. गेनू हात जोडून गप्प. कुत्र्याने पुरणपोळी खाल्ली, तूप चाटलं, द्रोणही नेला.

आईने कपाळ बडवून घेतलं. "अन्नाला तोंड लावायला कुणी आलं की दगड हाणायचा! विचारत बसायचं नाही!"

"बरं."

त्याच आठवड्यात आजोबा गेले. दहाव्याला सगळे नदीवर जमले. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. मामाने देवळाला घंटा कबूल केली. कावळा बाभळीवरच. ऊन चढलं, भटजींचं पोट ओरडायला लागलं. शेवटी मामा हात जोडून म्हणाला, "आबा, दिली शेवंता गेनूला! झालं समाधान?"

कावळा झपकन उतरला. गेनूची आई आनंदाने रडायलाच लागली. कावळ्याने पिंडाकडे चोच नेली.

गेनूने दगड हाणला.

नेम चांगला होता पोराचा, खोटं कशाला बोला. कावळा जो उडाला, तो पुन्हा त्या गावात दिसला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सुटका करून घेतली.

"कावळा गेला, माझा शब्दही गेला," मामा म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "मास्तर, पोराला अगदी नाइस केलंत हो. पहिल्या अर्थाने."

गेनू पुढचं ऐकायला थांबलाच नाही. धूम पळत शेवंताच्या दारात.

"शेवंते, हळद दळायला घे! तुझा बाप भर घाटावर मला नाइस म्हणाला!"